मूल उतरलं का

बसगाड्यांच्या कंपनीच्या आवारात, गॅरेजच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्या होत्या. खाली मेकॅनिक लोक गाड्यांची पोटं उघडी टाकून दिवसभर ठोकाठोक करत आणि वर कॉम्प्युटरवाले बसत. शहरातल्या बहुतेक शाळांची मुलं याच कंपनीच्या बसनं जा-ये करायची. कुठलं मूल कुठल्या बसमध्ये चढेल, कुठल्या थांब्यावर उतरेल, बस तिथं किती वाजता पोहोचेल, हे सगळं ठरवणारा प्रोग्रॅम वरच्या खोलीत जन्मला होता, आणि त्याच्या जन्मदात्याला सगळे उस्ताद म्हणत.

उस्तादांचा हात असा, की दुसऱ्याला पानभर लागेल ते त्यांचं एका ओळीत आटपे. त्या ओळीत कंसात कंस, त्या कंसात आणखी कंस. नावं एखाद-दोन अक्षरांची. वेळेला 'टी', थांब्याला 'टीटी', आणखी कशाला तरी 'एक्स टू'. प्रोग्रॅमच्या ज्या तुकड्यावर, म्हणजे फंक्शनवर, अख्खं वेळापत्रक उभं होतं त्याचं नाव नुसतं 'झेड'. कोडच्या शेजारी माणसांसाठी टीप लिहावी, ती ओळ का आहे ते सांगावं, असं कोणी सुचवलं तर ते म्हणत, "ज्याला कोड वाचता येत नाही त्यानं टिपा वाचाव्यात." आणि चष्मा वर सरकवून पुन्हा कामाला लागत. झेडमध्ये हात घालायची कोणाची छाती नव्हती. उस्तादांना त्याचं वाईट वाटत नसे. खरं सांगायचं तर मनातून बरंच वाटे. माणूस जुना झाला की त्याला आपल्यावाचून कोणाचं तरी अडावंसं वाटतंच.

त्यांच्या समोरच्या टेबलावर बसणारी बाई याच्या अगदी उलट. वयानं त्यांच्याहून बरीच लहान, कामाला चोख, पण सगळं सविस्तर. कंपनीत नावं आपल्याच भाषेतली ठेवायची मुभा होती, फक्त रोमन अक्षरांत लिहायची. तिनं त्या मुभेचा पुरेपूर फायदा घेतला होता. संध्याकाळच्या फेरीत प्रत्येक मुलाबद्दल हो किंवा नाही एवढंच साठवून ठेवायचं होतं, तर त्याला तिनं नाव दिलं 'मूल उतरलं का'. उस्तादांनी ते पाहिलं आणि सगळ्यांना गोळा करून पाढे म्हणावेत तशा चालीत मोठ्यानं वाचून दाखवलं. "मूल उतरलं का, कुठे उतरलं, कोणी घेतलं. अगं बाई, हा कोड आहे की आईचा फोन?" खोली हसली. तीही हसली. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं लांबणबाई, आणि ते इतकं पक्कं चिकटलं की नव्यानं आलेल्यांना तिचं खरं नाव विचारायचं सुचेना.

मग उस्तादांचे डोळे गेले. एकदम नाही. आधी शब्दाचं मधलं अक्षर पुसट व्हायला लागलं, तेलकट अंगठा काचेवर टेकवावा तसं. त्यांनी चष्मा पुसला. मग नवा केला. मग दिवा बदलला. घरात हे पहिल्यांदा ओळखलं ते बायकोनं. ती हॉस्पिटलात नर्स होती, माणसांकडे बघण्यातच तिचा जन्म गेला होता.

"अहो," ती एकदा जेवताना म्हणाली, "हल्ली तुम्ही माझ्या कानाकडे बघून बोलता."

"तुझा कान चांगला आहे."

"तो लग्नापासून चांगलाच आहे. उद्या आपण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातोय."

डॉक्टरांनी बराच वेळ दिवे मारून पाहिलं आणि सावकाश सांगितलं. कडेचं दिसत राहील. चालता-फिरता येईल, माणसाचा आकार कळेल. पण नजरेच्या मधोमधचं जात राहणार, आणि वाचायला लागतं ते नेमकं मधोमधचं. थांबवायला औषध आहे, परत आणायला नाही.

परतताना बायकोनं त्यांचा दंड धरला होता. रस्ता ओलांडून झाला तरी सोडला नाही.

"ऑफिसात सांगायचं नाही," उस्ताद म्हणाले.

"कधीपर्यंत?"

"बघू."

तो शब्द दोघांनाही ऐकू आला.

ऑफिसात त्यांनी अक्षरं मोठी केली, मग आणखी मोठी, शेवटी पडद्यावर जेमतेम एक ओळ मावेल एवढी. मान वाकडी करून, नजरेच्या कडेनं ती ओळ वाचायची, मग पुढची. कोणी जवळ आलं की पडद्यावरची खिडकी लहान करायची. झेड आपल्याला तोंडपाठ आहे, ही त्यांची मोठी भिस्त होती. आपलंच लेकरू, डोळे मिटून हात फिरवला तरी ओळखू, असं त्यांना वाटे.

सुट्टी लागायच्या सुमारास मालकीणबाई वर आल्या. बापाची कंपनी त्यांनी हातात घेतली होती, आणि जिन्यानं येता येताच त्या बोलायला सुरुवात करत. शाळा उघडतील तेव्हा एक नवी गाडी धावणार होती. तिच्या मागच्या दाराला लिफ्ट. चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलांना आजवर आईबाप उचलून, रिक्षानं, मिळेल तसं शाळेत पोहोचवत होते. आता ती मुलंही बसनं जाणार.

"सध्या चारच मुलं आहेत," मालकीणबाई म्हणाल्या. "पण वेळापत्रकात ती इतरांसारखीच दिसली पाहिजेत. वेगळी यादी, वेगळा फोन, असलं काही नको मला. उस्ताद, झेडला तुमच्याशिवाय कोण हात लावणार? हे तुमच्याकडेच."

याच वाक्यावर उस्ताद पूर्वी आठवडाभर खुशीत राहिले असते. या वेळी ते नुसतं 'बरं' म्हणाले आणि पडद्यावरची ओळ झाकून टाकली.

त्या रविवारी दुपारी ते घरी लॅपटॉपवर झेड उघडून टेबलापाशी बसले आणि बायकोला म्हणाले, "जरा वाचून दाखवतेस का?"

"मला यातलं काय कळतंय?"

"कळायला नको. नुसतं वाच. मला पाठ आहे, तू फक्त आठवण करून दे."

तिनं चष्मा लावला, खुर्ची ओढली. "डॉक्टरांचं अक्षर वाचत आलेय मी आजवर. तुमचं काय अवघड असणार?" असं म्हणून तिनं सुरुवात केली. जर, कंस, टी मोठं टीटी पेक्षा, आणि, कंस, एक्स टू नाही, कंस पूर्ण, प्रश्नचिन्ह, टी अधिक तीन...

"थांब. कोणता टी?"

"इथं टीच लिहिलंय."

"छोट्या अक्षरातला की मोठ्या?"

"आधी छोटा. नंतर मोठा. दोघं भाऊ आहेत का?"

उस्ताद हसले. छोटा टी वेळ असायला हवा होता. की मोठा? पडद्यावर दिसायचं तेव्हा ओळीचा आकारच सगळं सांगायचा. कुठं ओळ आत सरकली, कुठं कंस दाटले, त्यावरून त्यांचा हात बरोबर जागी जायचा. आकार गेला आणि उरला नुसता आवाज, आणि त्या आवाजाला काही अर्थच नव्हता. बायको इमानानं वाचत राहिली. अर्ध्या तासानं तिचा आवाज जड झाला, आणि एका लांबलचक कंसाच्या मध्यावर तिची मान कलली. उस्तादांनी तिला उठवलं नाही. तिच्या श्वासाच्या लयीवर ते तसेच बसून राहिले. आपण इतकी वर्षं कोणासाठी लिहीत होतो, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि उत्तर फार लवकर मिळालं म्हणून त्यांनी तो झटकून टाकला.

ती जागी झाली तेव्हा ओशाळली. माऊस हातात धरलेलाच होता, त्यानं दुसरीच फाईल उघडली गेली होती. आपण कुठं होतो ते न कळून ती समोर दिसेल ते वाचायला लागली. "प्रत्येक मुलासाठी. जर मूल उतरलं नसेल. आणि बस रिकामी झाली असेल. तर चालकाला गाडी पुन्हा तपासायला सांग. पालकांना कळव." वाचता वाचता ती थांबली.

"हे वेगळंच आहे."

"हं."

"गाडीत मूल झोपून राहिलं तर त्यासाठी आहे ना हे?"

"हो."

"कोणी लिहिलंय?"

"आहे एक आमच्यात. लांबणबाई म्हणतात तिला."

बायकोनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कोण म्हणतं?" तिनं विचारलं. उस्तादांनी माऊस आपल्याकडे ओढून घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाली की काही प्रश्नांची उत्तरं विचारतानाच मिळालेली असतात.

दुसऱ्या दिवशी उस्ताद लवकर गेले. लांबणबाई आधीच येऊन बसली होती. त्यांनी घसा साफ केला, पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला.

"बाई, एक सांगायचं होतं."

"डोळ्यांचं ना?" ती हळूच म्हणाली.

उस्ताद खुर्चीत टेकले. "तुला कधीपासून माहीत?"

"तुम्ही माझ्या कोडला नावं ठेवणं बंद केलंत तेव्हापासून. पहिल्यांदा वाटलं सुधारलात. मग लक्षात आलं, वाचतच नाही आहात."

"बोलली नाहीस."

"तुम्ही लपवत होतात. तुमचं तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

खाली कोणीतरी इंजिन सुरू केलं आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. उस्ताद म्हणाले, "लिफ्टवाल्या गाडीचं काम माझ्याच्यानं होणार नाही. झेड मला ऐकून कळत नाही. माझं मलाच कळत नाही."

तिनं मान डोलावली, मग त्यांना ते दिसलं नसेल असं वाटून म्हणाली, "बरं." थोडं थांबून पुढं म्हणाली, "ते पाढ्यांच्या चालीत वाचलं होतंत ना, त्या दिवशी घरी जाऊन मी रडले होते. सांगायचं ठरवलं नव्हतं. पण आता एकत्र बसायचंय तर मनात ठेवून नको."

"चुकलं माझं," उस्ताद म्हणाले. शब्द साधेच होते, पण त्यांच्या तोंडून ते त्या खोलीत कोणी ऐकले नव्हते. तिनं खुर्ची उचलली आणि त्यांच्या टेबलाशी आणून ठेवली.

मालकीणबाईंना दोघांनी मिळूनच सांगितलं. त्या नेहमीसारख्या मध्येच बोलल्या नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शाळा उघडायच्या आत होईल?"

"दोघं मिळून केलं तर होईल," लांबणबाई म्हणाली.

"मग दोघं मिळून करा. आणि उस्ताद, डॉक्टरांकडे जायचं असेल तेव्हा सुट्टी मागत बसू नका. सांगून जा."

कामाला लागताना लांबणबाईनं आधी एक गोष्ट केली. मागच्या वर्षीचं सगळं वेळापत्रक जुन्या झेडमधून काढून बाजूला ठेवलं. कोडमध्ये काही बदललं की तेच वेळापत्रक पुन्हा काढायचं आणि जुन्याशी ताडून पाहायचं. काना-मात्रेचा फरक पडला तर बदल मागं घ्यायचा. "आधी नुसती आवराआवर," ती म्हणाली. "भिंत पाडायची नाही. नवीन काही करायचं ते नंतर."

मग ती वाचायची आणि ते सांगायचे. ती 'टी' म्हणाली की ते विचारायचे, पुढं काय येतं? मग डोळे मिटून, बोटं टेबलावर नाचवत, मेंदूच्या कुठल्याशा कपाटातून अर्थ काढून आणायचे. हा थांब्यावर पोहोचायची वेळ. हा तिथून निघायची. ती दोघांना नावं द्यायची, 'पोहोचायची वेळ', 'निघायची वेळ', आणि पुन्हा वाचून दाखवायची. नावावरून भांडणंही व्हायची. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं उस्तादांचं होतं.

"'या थांब्यावर चढणाऱ्या सगळ्या मुलांची संख्या'. बाई, हे नाव संपेपर्यंत बस निघून जाईल."

"मग सांगा."

"'चढणारी मुलं'. बास."

"संख्या आहे की यादी, ते कसं कळणार?"

"... 'किती चढणार'."

ती थबकली. "हे माझ्यापेक्षा चांगलं आहे," ती म्हणाली, आणि उस्तादांना झेड लिहिला तेव्हा वाटला नव्हता इतका आनंद झाला.

पुढं कॉम्प्युटरमध्ये वाचून दाखवणारा आवाज बसवला. ती एक कोणी परदेशी बाई होती, आपल्या नावांचे उच्चार ती भलतेच करायची. 'मूल उतरलं का' तिच्या तोंडी असं काही यायचं की खालचे मेकॅनिक जिन्यात येऊन विचारून गेले, कोण ओरडतंय. पण आठवड्याभरात उस्तादांच्या कानाला तिची सवय झाली. ऐकता ऐकता त्यांना एक नवीनच गोष्ट उमगली. 'जर'च्या पोटात 'जर', त्याच्या पोटात आणखी 'जर' आला, की ऐकणारा वाटेत कुठंतरी हरवतो. "तिसऱ्या पायरीच्या खाली मी उतरणार नाही," त्यांनी जाहीर केलं. "तिथं अंधार असतो." मग जिथं कोड तेवढा खोल गेला होता तिथला तुकडा कापून, त्याला स्वतःचं नाव देऊन, बाहेर काढून ठेवायचा. झेड पातळ होत चालला. एके दिवशी त्याचं नावही गेलं आणि तिथं 'वेळापत्रक बनव' आलं.

अडलं ते एकाच ठिकाणी. जुन्या पेठेतल्या एका थांब्यावर निघायच्या वेळेत तीन मिनिटं जास्त धरली होती. अधिक तीन. का, ते कुठं लिहिलेलं नाही. लांबणबाईनं ती मिनिटं काढून पाहिली तर त्या भागातल्या सगळ्या वेळा हलल्या.

"हे काय आहे?"

उस्तादांनी डोळे मिटले. बोटं टेबलावर फिरली, थांबली. "आठवत नाही."

"गल्ली अरुंद आहे का? सिग्नल?"

"नाही. आठवत नाही गं."

ते त्यांना फार लागलं. घरी चहा घेताना बायकोनं सहज विचारलं तेव्हा त्यांनी तिलाही सांगितलं, जुन्या पेठेच्या थांब्यावर तीन मिनिटं आहेत आणि कोणाची आहेत ते कळत नाही.

"जुनी पेठ?" ती म्हणाली. "तिथल्या आजी आमच्या वॉर्डात होत्या. खुब्याचं हाड. त्यांच्या नातवाला बसवर सोडायला दुसरं कोणी नव्हतं, आणि त्यांना लवकर चालता यायचं नाही. बस निघून जायची. मी तुम्हाला सांगितलं होतं की."

उस्तादांच्या हातातला कप तसाच राहिला. सगळं परत आलं. ती कामावरून दमून आली होती, बुटांच्या नाड्या सोडता सोडता सांगत होती, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी कोणाला न सांगता ती मिनिटं घातली होती. एक आकडा आणि एक अधिक. तो नातू आता कॉलेजही संपवून गेला असेल.

"आजी?" त्यांनी विचारलं.

"गेल्या त्या. बरीच वर्षं झाली."

म्हणजे ज्या आजीसाठी बस थांबत होती ती आजी नव्हती, नातू नव्हता, आणि बस मात्र रोज थांबत होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात लांबणबाईनं हे ऐकलं. मग तिनं त्या मार्गावरच्या ड्रायव्हरला फोन लावला आणि उस्तादांनाही ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला.

"तीन मिनिटं काढली तर चालेल का काका?"

"नका काढू," ड्रायव्हर म्हणाला. "मागच्या चाळीतली पोरं रोज धावत येतात. त्यांना माहीत आहे, इथं गाडी थांबते. एकाच्या हातात बूट असतात. का थांबते ते मला माहीत नाही, आधीच्या ड्रायव्हरनं सांगितलं होतं, इथं थांबायचं."

फोन ठेवल्यावर लांबणबाई म्हणाली, "उस्ताद, आपल्याला लिफ्टवाल्या गाडीसाठी काय हवं होतं? एखाद्या मुलाला चढायला जास्त वेळ लागतो, तेवढा वेळ बस थांबायला हवी. बरोबर?"

"हो."

"ते तुम्ही कधीच केलेलं आहे. फक्त त्याला नाव नव्हतं."

मग पुढचं काम सोपं झालं. त्यांनी तो 'अधिक तीन' थांब्याच्या गळ्यातून सोडवला आणि प्रत्येक मुलाच्या नोंदीत एक नवा रकाना केला, 'चढायला लागणारा वेळ'. बहुतेकांचा तो शून्य. चाळीतून धावत येणाऱ्या मंडळींना तीन मिनिटं. खुर्चीवरच्या चौघांना चार-चार. वेगळी यादी नाही, वेगळा फोन नाही. मालकीणबाईंना हवं होतं अगदी तसं.

शाळा उघडायच्या आधी गाडीची एक फेरी करून पाहायची ठरली. उस्ताद आणि लांबणबाई मागच्या बाकावर बसले. पहिल्या थांब्यावर एक बाप आणि त्याची मुलगी थांबले होते. मुलगी सात-आठ वर्षांची असावी. उस्तादांना तिचा आकार कळला, खुर्चीची चाकं चमकताना कळली. लिफ्ट घरघरत खाली गेली. बापानं खुर्चीचा दांडा धरला.

"मी," मुलगी म्हणाली.

"उशीर होतोय बाळा, सगळे थांबलेत."

"मी करते."

तिनं चाकं फिरवली, चुकली, मागं घेतली, पुन्हा फिरवली. लिफ्टच्या पत्र्यावर रबर घासल्याचा बारीक आवाज येत होता. आत येताना तिला खुर्ची वळवून खिडकीकडे तोंड करायचं होतं आणि तेही तिनंच केलं. बाप दारातून म्हणाला, "माफ करा हं. हिला सगळं स्वतःच करायचं असतं."

"करू दे," उस्ताद म्हणाले. "घाई नाही."

लांबणबाईनं घड्याळ पाहिलं होतं. "चार मिनिटांत नाही झालं," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. "बापानं ढकललं असतं तर झालं असतं."

"मग चार चुकलं."

दुपारी ऑफिसात परतल्यावर ती आपल्या जागेवरून उठायला लागली, तर उस्तादांनी हातानं खूण केली. मी बघतो. त्यांनी आवाज सुरू केला. परदेशी बाई आपल्या वेड्यावाकड्या उच्चारांत फाईल वाचत गेली आणि ते मान खाली घालून ऐकत राहिले. मुलाचं नाव. थांबा. कोण सोडायला येतं. चढायला लागणारा वेळ. तिथं त्यांनी तिला थांबवलं, चारच्या जागी सहा लिहिलं, आणि पुन्हा वाचून घेतलं. कितीतरी दिवसांत हा पहिला बदल असा होता की त्यांना कोणाचे डोळे उसने घ्यावे लागले नव्हते. मग त्यांनी आकड्याच्या शेजारी बोटांनी चाचपत काहीतरी टाइप केलं. बराच वेळ लागला.

लांबणबाईनं येऊन तपासलं. आकड्यापुढं एक टीप होती. "सहा मिनिटं, कारण ती खुर्ची स्वतः वळवते. मदत केली तर कमी लागतील, पण मदत करू नये."

एक शब्दही न बदलता तिनं तो बदल मुख्य प्रोग्रॅममध्ये जाऊ दिला.

उस्तादांची नजर पुढच्या वर्षभरात आणखी उतरली, डॉक्टरांनी सांगितलं होतं तशीच. पण ते कंपनीत राहिले. नवीन येणाऱ्याला आपला कोड त्यांना एकदा ऐकवावा लागे, आणि काहीजण मागं कुरकुरतही, की म्हातारा कुठं अडकला की सगळं पुन्हा लिहायला लावतो. समोरच्या टेबलावरच्या बाईला मात्र ते आता तिच्या खऱ्या नावानं हाक मारत, आणि त्यांचं ऐकून हळूहळू बाकीचेही.

गाडीची ती फेरी करून पाहिली त्या दिवशी उस्ताद घरी गेले तेव्हा बायको नुकतीच ड्युटीवरून आली होती आणि पाय वर घेऊन बसली होती.

"काय केलं आज?" तिनं विचारलं.

"एक आकडा बदलला."

"दिवसभर?"

"हो," उस्ताद म्हणाले आणि तिच्या शेजारी बसले. "दिवसभर."